घन पदार्थातील आयनांची वाट

1833 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे एका अगदी साध्या वस्तूमुळे विचारात पडले. ती वस्तू म्हणजे बर्फ. पाण्यातून विजेचा प्रवाह जातो हे त्यांना ठाऊक होते. परंतु त्याच पाण्याच्या बर्फाचा पातळसा पापुद्रा मध्ये आला, तरी प्रवाह थांबतो असे त्यांना आढळून आले. मग त्यांनी अनेक क्षार घेऊन पाहिले. घन स्थितीत ते वीज नेत नसत; वितळले की नेऊ लागत. यावरून त्यांनी नियम मांडला की, अशा पदार्थांना वाहकत्व येते ते द्रवरूप झाल्यामुळे, आणि पदार्थ गोठताच ते नाहीसे होते. पुढच्याच वर्षी विल्यम ह्यूएल या विद्वान मित्राच्या सल्ल्याने त्यांनी द्रवातून वीज वाहून नेणाऱ्या कणांना ग्रीक भाषेतून एक नाव दिले. ते नाव ‘आयन’. त्याचा अर्थ ‘जाणारा’. जो जातो तो आयन. आणि घन पदार्थात कोणाला जाण्यास वाटच नसते, अशी त्या काळची समजूत होती.

फॅरडे यांचा थोरपणा असा की, नियम मांडतानाच त्याला न जुमानणारा पदार्थही त्यांनी नोंदवून ठेवला. सिल्व्हर सल्फाइड न वितळताच, नुसते तापवल्याने, वीज नेऊ लागे. पुढे लेड फ्लुओराइडमध्येही त्यांना हाच प्रकार दिसला. त्या काळी या अपवादांचे कारण सांगता येण्याजोगे नव्हते. ते सांगण्यासाठी स्फटिकाच्या अंतरंगाचे जे ज्ञान लागते, ते अजून जन्माला यावयाचे होते. पण अपवाद झाकून ठेवला नाही, म्हणून त्याचा पाठपुरावा पुढील पिढ्यांना करता आला. घन पदार्थातून आयनांना वाट कशी सापडली, याची ही हकीकत त्या अपवादापासून सुरू होते.

1914 मध्ये टुबांट आणि लोरेन्झ या जर्मन संशोधकांनी सिल्व्हर आयोडाइड तापवून पाहिले. 147 अंश सेल्सिअसला त्या घन पदार्थाची अंतर्गत रचना पालटते, आणि त्याच क्षणी त्याची वाहकता हजारो पटींनी उडी घेते. नवल पुढेच आहे. तापवीत तापवीत तो वितळवला, तेव्हा वाहकता वाढण्याऐवजी थोडी घटली! फॅरडे यांचा नियम येथे उलटा झाला. आयोडीनचे अणू आपापल्या जागी उभे राहतात आणि चांदीचे आयन त्यांच्यामधल्या मोकळ्या जागांतून पाण्यासारखे वाहतात, असा त्याचा उलगडा पुढे झाला. घन असणे आणि निश्चल असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आता मान्य करावे लागले.

या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बॅटरीने विचारला. कोणत्याही बॅटरीत दोन टोके असतात आणि त्यांच्यामध्ये आयनांना ये-जा करण्यासाठी एक माध्यम असते. शास्त्रीय परिभाषेत त्यास विद्युत्-विच्छेद्य म्हणतात. बोलण्यात सर्वत्र इलेक्ट्रोलाइट हाच शब्द रूढ झाला आहे. या माध्यमाकडून दोन अपेक्षा असतात. त्याने आयनांना सुखाने जाऊ द्यावे, पण इलेक्ट्रॉनांना मुळीच वाट देऊ नये. दिली, तर बॅटरी आतल्या आत संपून जाईल. द्रव इलेक्ट्रोलाइट ही दोन्ही कामे उत्तम करतो. परंतु द्रव गळतो, आणि लिथियमच्या बॅटरीत जे सेंद्रिय द्रव वापरावे लागतात ते ज्वालाग्राही असतात.

लिथियम हा धातूंमध्ये सर्वांत हलका. म्हणून थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा साठवण्यास तो अत्यंत योग्य. मात्र बॅटरी पुनःपुन्हा भारित केली की, लिथियमच्या पृष्ठावर सुईसारखे बारीक अंकुर फुटू लागतात. ते वाढत वाढत दुसऱ्या टोकाला टेकले, तर बॅटरीच्या आत ठिणगी पडते, आणि भोवती ज्वालाग्राही द्रव असतोच. 1989 मध्ये लिथियम धातूच्या बॅटऱ्या वापरणाऱ्या टेलिफोनांनी जपानमध्ये पेट घेतला, तेव्हा हा धोका सर्वांच्या डोळ्यांसमोर आला. 1991 मध्ये बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीत म्हणूनच धातूऐवजी कार्बनचा आश्रय घेण्यात आला. त्यामुळे धोका कमी झाला, पण शुद्ध लिथियमच्या साठवणशक्तीवर पाणी सोडावे लागले. मधले माध्यमच घन आणि घट्ट करता आले तर दोन्ही साधेल, ही आशा संशोधकांना कित्येक वर्षे खुणावत होती.

ही आशा जेथून निर्माण झाली ते ठिकाण होते इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठ. 1973 साली फेंटन, पार्कर आणि राइट यांनी एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. पॉलिइथिलीन ऑक्साइड नावाच्या बहुवारिकात काही क्षार विरघळतात आणि दोघांचे मिळून एक नवे संयुग बनते, एवढेच त्यात सांगितले होते. बहुवारिक म्हणजे एकाच लहान घटकाची लांबच लांब साखळी. सामान्य व्यवहारात ज्याला प्लॅस्टिक म्हणतात ते याच जातीचे. मीठ पाण्यात विरघळते हे पोराटोरांना ठाऊक असते. पण घन प्लॅस्टिकमध्ये क्षार विरघळावा, ही गोष्ट विलक्षण होती. त्याचे कारण असे की, या साखळीत ठराविक अंतरावर ऑक्सिजनचे अणू असतात, आणि लिथियमच्या धन आयनाला ते चहूबाजूंनी आपल्या मिठीत घेतात. त्या मिश्रणातून वीज जाते, हेही पीटर राइट यांनी दाखवून दिले.

या शोधाचे मोल ओळखले ते फ्रान्समधील ग्रनोबल येथील मिशेल आर्मां यांनी. 1978 मध्ये त्यांनी सुचविले की, असा क्षारयुक्त बहुवारिकाचा पातळ पडदा हाच लिथियम बॅटरीचा इलेक्ट्रोलाइट करावा. पडदा लवचिक असल्यामुळे तो दोन्ही टोकांशी घट्ट चिकटून राहील, तो गळणार नाही, आणि कापडासारखा गुंडाळताही येईल. कल्पना मनोहर होती. तथापि तिच्या मार्गात एक मोठी अडचण उभी राहिली. नेहमीच्या तापमानाला या पडद्याची वाहकता फारच थोडी होती. चांगल्या द्रवाची वाहकता दर सेंटिमीटरला सुमारे एक शतांश सीमेन्स असते. या पडद्याची जेमतेम एक कोट्यंश सीमेन्सच्या घरात, किंवा त्याहूनही कमी. साठ अंशांच्या वर तापवले म्हणजे मात्र ती झपाट्याने वाढे.

असे का व्हावे, याविषयी प्रथम एक चुकीची समजूत रूढ झाली होती. बहुवारिकाची साखळी स्फटिकात मळसूत्राप्रमाणे वळलेली असते. त्या वळ्यांच्या आत एक पोकळ नळी तयार होते, आणि लिथियमचे आयन त्या नळीतून उड्या मारीत जातात, असे मानले जात होते. सिल्व्हर आयोडाइडचे उदाहरण समोर असल्यामुळे सुबक स्फटिकात वाट शोधण्याकडे मनाचा कल असणे स्वाभाविकच होते. 1983 मध्ये बर्तिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रनोबलमध्येच चुंबकीय अनुस्पंदनाच्या साह्याने पदार्थाच्या आत डोकावून पाहिले, तेव्हा निराळेच दिसले. आयनांची हालचाल पदार्थाच्या स्फटिकमय भागात होत नव्हती. ती होत होती साखळ्या जेथे अस्ताव्यस्त पसरलेल्या असतात त्या अस्फटिक भागात. जेथे शिस्त, तेथे वाट बंद. जेथे गोंधळ, तेथे वाट मोकळी.

याचा उलगडा एका परिचित दृश्यावरून होईल. गावात आग लागली म्हणजे विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लागते आणि पाण्याच्या घागरी हातोहात पुढे जातात. माणसे जागची फारशी हालत नाहीत. हालतात ते त्यांचे हात. बहुवारिकातील साखळ्यांचे तसेच आहे. त्यांचे तुकडे सतत वळवळत असतात, आणि ऑक्सिजनच्या एका मिठीतून लिथियमचा आयन शेजारच्या मिठीत सोपवला जातो. आता हीच माणसे कवायतीच्या पवित्र्यात ताठ उभी राहिली तर घागर पुढे कशी जावी? स्फटिक बनताच साखळ्यांची अशीच गत होते. पॉलिइथिलीन ऑक्साइडचे स्फटिक सुमारे 65 अंशांना वितळतात. साठ अंशांच्या पुढे वाहकता एकाएकी का वाढते, हे कोडे त्यामुळे सुटले.

रोगाचे निदान झाले, पण औषध सोपे नव्हते. साखळ्या मोकळ्या राहाव्यात म्हणून त्यात द्रव मिसळावा, तर पडदा मऊ पडतो आणि घनतेचा सारा हेतूच विफल होतो. म्हणजे येथे एकमेकांच्या विरुद्ध जाणाऱ्या दोन गुणांची गाठ घालावयाची होती. पडदा कणखर हवा आणि त्याचे अंतरंग चंचल हवे. ही गाठ अखेर घातली ती चिनीमातीच्या जातीच्या एका निर्जीव भुकटीने.

भुकटीची कथाही 1973 सालीच सुरू होते, परंतु दुसऱ्या देशात आणि दुसऱ्या हेतूने. अमेरिकेत सी. सी. लिआंग यांनी लिथियम आयोडाइडच्या स्फटिकात ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, मिसळले. ॲल्युमिना स्वतः आयन मुळीच वाहून नेत नाही. दुधात पाणी घातले तर दूध पातळ व्हावे, तशी वाहकता कमी व्हावयास हवी होती; ती सुमारे पन्नासपट वाढली. दोन पदार्थ जेथे एकमेकांना भिडतात त्या सीमेवर आयनांना नवी वाट मिळते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. पुढे योआखिम मायर यांनी त्याचे सविस्तर गणित मांडले. याच धर्तीवर 1981 मध्ये शाही यांनी वॅग्नर यांच्या समवेत सिल्व्हर आयोडाइड आणि ॲल्युमिना यांच्या मिश्रणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाही यांनी पुढे कानपूरच्या आय. आय. टी.मध्ये हे संशोधन चालू ठेवले.

बहुवारिकात अशी भुकटी घालण्याचा उद्योग 1982 मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात वेस्टन आणि स्टील यांनी केला. त्यांचा मुख्य हेतू माफक होता. तापवल्यावर पडदा लिबलिबीत होऊ नये, इतकेच त्यांना हवे होते. रबरात काजळी मिसळून टायर मजबूत करतात, त्यातलाच हा प्रकार. पडदा खरोखरच मजबूत झाला. पुढे वॉर्सा येथील आणि इतर संशोधकांना असे दिसू लागले की, योग्य प्रमाणात भुकटी घातली तर वाहकताही सुधारते, आणि कण जितके बारीक तितका परिणाम अधिक.

या साऱ्या प्रयत्नांना ठळक रूप आले ते 1998 मध्ये. रोमच्या ला सापिएंझा विद्यापीठात फाउस्तो क्रोचे, ब्रुनो स्क्रोसाती आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी पॉलिइथिलीन ऑक्साइड आणि लिथियम परक्लोरेट यांच्या मिश्रणात टायटॅनियमच्या आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांची अतिसूक्ष्म भुकटी वजनाच्या सुमारे दहा टक्के घातली. तिचे कण 5.8 ते 13 नॅनोमीटर एवढे होते. नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. मिश्रण साठ अंशांच्या वर तापवून पुन्हा थंड केल्यावर साध्या पडद्याची वाहकता एकदम कोसळते; या पडद्याची तशी कोसळली नाही. 50 अंशांना ती सुमारे एक दशसहस्रांश सीमेन्स आणि 30 अंशांना सुमारे एक लक्षांश सीमेन्स भरली. एरवीच्या मानाने ही वाढ शेकडो पटींची होती, आणि ती एक थेंबही द्रव न घालता साधलेली होती.

कणांच्या आकाराला एवढे महत्त्व का, हे थोड्या हिशेबाने कळते. सुमारे सहा नॅनोमीटर व्यासाच्या कणांची एक ग्रॅम भुकटी घेतली, तर त्या सर्व कणांच्या पृष्ठभागांची बेरीज अडीचशे चौरस मीटरांच्या आसपास जाते. कबड्डीची दोन मैदाने चिमूटभर भुकटीत सामावलेली असावीत, तसा हा प्रकार आहे. एवढ्या विस्तीर्ण पृष्ठभागाला साखळ्या जागोजागी अडखळतात, आणि त्यांना एका ओळीत येऊन स्फटिक बनविण्यास सवड मिळत नाही. साखरेच्या पाकात पुन्हा खडे धरू नयेत म्हणून गृहिणी लिंबाचे चार थेंब पिळते. तेथील रसायन निराळे. पण स्फटिक होऊ पाहणाऱ्या द्रव्यात थोडेसे परके द्रव्य घालून ते थोपवावे, ही युक्ती तीच आहे. याखेरीज, कणांच्या पृष्ठभागाची क्षारातील ऋण आयनांवर ओढ असते. ते थोडेफार अडकून पडले म्हणजे लिथियमचे आयन अधिक मोकळे होतात, असेही एक स्पष्टीकरण पुढे आले. प्रवाहातील लिथियमचा वाटा भुकटीमुळे वाढल्याचे रोमच्या गटाने नोंदवले होते, त्याच्याशी हे जुळते.

तरीसुद्धा या यशाकडे डोळसपणे पाहिले पाहिजे. इतर प्रयोगशाळांनी हेच प्रयोग केले तेव्हा सर्वांना सारखे आकडे मिळाले नाहीत. पडद्यात राहून गेलेला पाण्याचा अंश, विद्रावकाचा अवशेष, भुकटीच्या पृष्ठभागाचा प्रकार, मिसळण्याची रीत, अशा लहानसहान गोष्टींनी निकाल पालटतो. जे बहुवारिक मुळातच पूर्णपणे अस्फटिक असतात त्यांच्यात भुकटीचा परिणाम पुष्कळदा बेताचाच दिसला; यावरून स्फटिक रोखणे हेच तिचे प्रधान कार्य असावे, या मताला बळकटी आली. शिवाय भुकटी वाढवीत गेले की एका मर्यादेनंतर कण एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात, वाट अडते आणि वाहकता पुन्हा उतरते. स्फटिक होणे थोपवले जाते, ते कायमचे रद्द होत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

निसर्गाला एकाच नियमात बांधून ठेवता येत नाही, याचा आणखी एक पुरावा 2001 मध्ये मिळाला. स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज येथे पीटर ब्रूस यांच्या गटाने याच बहुवारिकाचे काही विशिष्ट क्षारांशी बनलेले स्फटिक तपासले. त्यात स्फटिक रूपाची वाहकता अस्फटिक रूपापेक्षा अधिक भरली. ज्या नळीची कल्पना 1983 मध्ये मोडीत निघाली होती, ती येथे खरी ठरली. वाहकतेचे आकडे लहान असल्यामुळे व्यवहारात याचा लगेच लाभ झाला नाही. पण अठरा वर्षे पाठ झालेला सिद्धांत पुन्हा तपासून पाहावा लागला.

या संशोधनात भारताचा वाटा उपेक्षणीय नाही. बनारस हिंदू विद्यापीठात सुरेश चंद्र यांनी घन पदार्थांतील आयनांच्या अभ्यासाची परंपरा उभारली. या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1981 मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो जगभर वाचला गेला. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात आर. सी. अग्रवाल यांनी बहुवारिक आणि भुकटी यांच्या मिश्रणांवर दीर्घकाळ काम केले. द्रावक न वापरता, उष्णतेने आणि दाबाने पडदा तयार करण्याच्या रीतीचा त्यांनी पुरस्कार केला. 2007 मध्ये रामस्वामी मुरुगन, वेंकटरामन तंगदुरै आणि वेर्नर वेप्नर यांनी लिथियम, लँथेनम आणि झिर्कोनियम यांच्या ऑक्साइडाचा एक नवा घन वाहक जगापुढे ठेवला. तो स्वतःच लिथियमचे आयन उत्तम रीतीने वाहून नेतो. त्यामुळे भुकटीच्या कथेला नवे वळण लागले. निर्जीव भुकटीऐवजी स्वतः वाहक असलेली भुकटी बहुवारिकात घालावी, असा विचार आता प्रबळ झाला.

यातूनच कणांच्या आकाराचाही पुनर्विचार झाला. सुटे कण म्हणजे ओढ्यात टाकलेले दगड. एकावरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते. त्यांच्या जागी लांब तारा घातल्या तर अखंड साकव मिळेल. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात यी त्सुई यांच्या गटाने 2015 मध्ये अशा सूक्ष्म तारा वापरून पाहिल्या, आणि 2017 मध्ये त्या एका दिशेने रांगेत लावल्या. रांगेतील तारांनी वेड्यावाकड्या विखुरलेल्या तारांपेक्षा सुमारे दहापट अधिक वाहकता दाखवली.

व्यवहाराची कसोटी मात्र कठोर असते. 2011 च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये भाड्याने मिळणाऱ्या विजेच्या मोटारींची एक मोठी सेवा सुरू झाली आणि ती 2018 पर्यंत चालली. त्या मोटारींत आर्मां यांच्या कल्पनेतून विकसित झालेली, बहुवारिक इलेक्ट्रोलाइट असलेली लिथियम धातूची बॅटरी होती. म्हणजे 1978 ची कल्पना तेहतीस वर्षांनी रस्त्यावर धावली. परंतु ती बॅटरी साठ ते ऐंशी अंशांपर्यंत उष्ण ठेवावी लागे. स्फटिक वितळल्याखेरीज वाट मोकळी होत नाही, हा ग्रनोबलचा धडा पॅरिसच्या रस्त्यावरही चुकला नाही. नेहमीच्या तापमानाला द्रवाची बरोबरी करील आणि कारखान्यात मैलोगणती काढता येईल असा पडदा, हेच या साऱ्या खटपटीचे ध्येय आहे. प्रयोगशाळेत तळहाताएवढ्या तुकड्यावर जे साधते, ते कारखान्यात साधतेच असे नाही.

ज्या भुकटीतून वीज जात नाही तिनेच विजेला वाट करून दिली, ही गोष्ट प्रथम ऐकताना विसंगत वाटते. पण एवढ्या वर्षांचा क्रम पाहिला तर दिसते ते असे की, प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी एक न जुळणारा आकडा टाकून न देता जपून ठेवला. फॅरडे यांनी सिल्व्हर सल्फाइडची नोंद केली. लिआंग यांनी वाढलेली वाहकता मोजमापाची चूक म्हणून सोडून दिली नाही. सेंट अँड्रूजच्या संशोधकांनी सर्वमान्य सिद्धांताविरुद्धचे मोजमाप प्रसिद्ध केले. आज ज्या प्रयोगशाळांतून भुकटीचे परस्परविरोधी आकडे निघतात, त्यांनीही ते तसेच प्रामाणिकपणे मांडले, तर पुढची वाट त्यांच्यातूनच निघण्याचा संभव आहे. आयन म्हणजे जाणारा, असे नाव 1834 मध्ये ठेवले गेले. घन पदार्थातील त्याचा प्रवास अजून संपलेला नाही.